मनकर्णाबाईने पाहिलेली तीन बोर्डिंगं

"बाप्पा बाप्पा! पायताण घालून जेवतात!"

अमरावतीच्या एका मोठ्या कॉलेजच्या बोर्डिंगात, जेवणघराच्या दारातच मनकर्णाबाई थबकली आणि तिने पदर तोंडाला लावला. आत लांबच लांब टेबलं, टेबलांभोवती खुर्च्या, आणि खुर्च्यांवर बूट घालून बसलेली चांगल्या चांगल्या घरची पोरं. अन्न उंचावर आणि माणूस खाली लोंबकळत बसलेला! मांडी नाही, पाट नाही, ताटाभोवती पाणी फिरवणं नाही. एक पोट्टं तर वाचत वाचत जेवत होतं. घास कुठे चालला आहे याचा त्याला पत्ता नव्हता.

"हे कॉलेज हाये का धरमशाळा?" ती नवऱ्याच्या कानाशी पुटपुटली.

"चूप राह्य वं," उकंडराव म्हणाले. पण त्यांचं तरी लक्ष कुठे होतं! पोरांच्या खोलीत भिंतीला बटण होतं, ते दाबलं की डोक्यावरचा दिवा लागे. जानेफळचे एवढे बागाईतदार उकंडराव, पंचांत बसणारे, ते बटण दाबून दिवा लावत होते आणि दाबून विझवत होते. शेवटी कॉलेजचा कारकून खाकरला, तेव्हा त्यांनी हात मागे घेतला. खोलीत लोखंडी खाटा होत्या, खाटांना मच्छरदाण्या होत्या, पुस्तकांना कपाट होतं. त्यांचा मुलगा अर्जुन तर डोळे फाडून पाहत होता. मेहकरच्या शाळेतून पोरगा मॅट्रिकला पहिल्या वर्गात आला होता. त्याचे गुण पाहून इथला कारकून खुर्चीवरून अर्धा उठला होता. "एवढ्या गुणांच्या मुलाला आम्ही नाही म्हणत नाही," असं तो म्हणाला होता. बाहेर व्हरांड्यात किती तरी बाप आपापल्या पोरांना घेऊन ताटकळत उभे होते, हे त्याने दोनदा सांगितलं.

मनकर्णाबाईला त्याचं काय! ती निघाली मागच्या दाराकडे.

आता हे मागचं दार काय, ते आधी सांगितलं पाहिजे. जानेफळात आणि आसपासच्या खेड्यांत मुलगी द्यायची झाली की पुरुष जात सोयऱ्यांचं शेत पाहायला. बैलजोड्या पाहत, विहिरीत वाकून पाहत, ओसरीवर पान खाऊन रंगलेल्या तोंडाने परत येत आणि म्हणत, घर फक्कड आहे. पण त्या 'फक्कड'वर कुणी हळद दळायला घेत नसे. मग मनकर्णाबाईला गाडीत घालून नेत. ती ओसरीवर टेकतच नसे. थेट मागच्या दाराने चुलीपाशी. तिथे एक तुकडा भाकर आणि चिमूटभर मीठ मागून घ्यायचं, खात खात इकडचं तिकडचं बोलायचं आणि तेवढ्यात घरातल्या सुनांच्या टाचा पाहायच्या, दंड पाहायचे, कोण हसतं आणि कोण हसायच्या आधी सासूकडे पाहतं ते पाहायचं. "सोयरीक ओसरीवर जमते, पण नांदायचं असते चुलीपाशी," असं ती म्हणे. तिने मान हलवली की लग्न, नाही हलवली की विषय संपला. पाटलाची बायकोसुद्धा तिच्या शब्दाबाहेर नव्हती.

मग स्वतःचं पोरगं परक्या घरी चार वर्षांसाठी द्यायचं, ते न पाहता द्यायचं होय? मुलगी काय न् मुलगा काय, घराबाहेर गेलेलं लेकरू दुसऱ्याच्या चुलीवर जगतं. उकंडरावांनी खूप समजावलं, अगं, हे कॉलेज आहे, सोयरीक नाही. पण पेरणी उरकली होती, डवरणीला, म्हणजे पिकात डवरा धरून कोळपायला, अवकाश होता, आणि बायको हट्टाला पेटली होती. अखेर तिघंही निघाली होती.

तर अमरावतीच्या मागच्या दाराशी एक धिप्पाड आचारी उभा होता. त्याने हात आडवा केला. "बाहेरच्यांना मनाई आहे," म्हणाला.

"मी बाहेरची नोहो, पोराची माय हाये."

"आईलाही मनाई आहे."

अगं बाई! आईला मनाई! मनकर्णाबाईचा असा अपमान आजवर कुणाच्या दारात झाला नव्हता. वर त्याच वेळी तिला कळलं की इथे शौचकूप घराच्या आतच आहे, साखळी ओढली की पाणी येतं. स्वयंपाकघर आणि तेही एका छपराखाली! ती तडक परत आली आणि कारकुनाच्या टेबलापुढे उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "आमाले हे पसंत नाई."

कारकुनाच्या हातातला टाक तसाच राहिला. व्हरांड्यातले बाप माना उंचावून पाहू लागले. ज्या कॉलेजच्या दारात लोक पोराला घ्या म्हणून हात जोडत होते, त्या कॉलेजला एक लुगडं नेसलेली बाई नकार देऊन चालली होती. अर्जुनचा चेहरा रडकुंडीला आला.

अकोल्याच्या बोर्डिंगात मात्र स्वयंपाकघरात जाऊ दिलं. पण अकोला पडलं खारपाणपट्ट्यात. तिने विहिरीचं पाणी तोंडात घेतलं आणि तिथल्या तिथे थुंकून टाकलं. पोरांची धुतलेली धोतरं वाळत होती, ती राखेत लोळवल्यासारखी. चुलीवरची डाळ सकाळपासून उकळत होती आणि दाणा न् दाणा वेगळा होता. "ह्या पाण्यात डाळ शिजत नाई, तं पोट्ट्याचं डोस्कं काय शिजन?" ती म्हणाली. झालं, दुसरंही बाद.

अकोल्याच्या स्टेशनावर उकंडराव भडकले. "हे पाह्य, तिसरं अन् शेवटचं खामगाव. तिथं नवं कॉलेज निंगालं हाये. तेबी तुले नापसंत झालं तं अर्जुन्याले डवऱ्यामागं उभा करतो. पुस्तकं जाऊ दे चुलीत. तुह्या पायी मी साऱ्या वऱ्हाडात तोंड दाखवाच्या लायकीचा नाई राह्यलो!"

आणि उकंडराव बोलले म्हणजे बोलले. शब्द फिरवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. अर्जुन आईकडे पाहू लागला, जणू त्याचं सगळं आयुष्य तिच्या मान हलवण्यावर टांगलं होतं. आणि होतंच की.

जलंबला गाडी बदलायची होती. खामगावची गाडी यायला वेळ होता. फलाटावर दशम्या सोडून बसल्यावर अर्जुन म्हणाला, "माय, इथून जळगाव जामोद जवळ पडते. शालूबाईले भेटून येऊ काय?"

उकंडरावांच्या हातातला घास थांबला. "आपल्या घरून मुराळी जाणार नाई," ते म्हणाले. बस्स. 

शालू ही मनकर्णाबाईची एकुलती एक लेक. तिला जळगावच्या पुंजाजी पाटलांच्या घरी दिली होती. ते घर मनकर्णाबाईने एकदा नव्हे, तीनदा पाहिलं होतं. सातपुड्याच्या पायथ्याची जमीन, दोन मोटांची विहीर, छताला टेकलेल्या धान्याच्या कणग्या, गुटगुटीत सुना. तिच्या सगळ्या पाहणीतलं ते अव्वल घर. आणि गेल्या पोळ्याला तीच शालू कुणाच्या तरी गाडीत बसून एकटीच माहेरी आली. गालफडं बसलेली, हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकणाऱ्या. "माय, मले भाकर मोजून देतात," म्हणाली. मनकर्णाबाईला पटलंच नाही. त्या कणग्या तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या! "भरल्या घरात उपाशी राह्यणं म्हणजे हट्ट होये," ती म्हणाली. उकंडरावांनी तिसऱ्या दिवशी गाडी जुंपली आणि पोरीला जळगावला पोचवून दिलं. तिथे शालूची सासू ओसरीवरून म्हणाली, "आमच्याकडं खायले मिळत नाई म्हणते ना? मंग ठेवाची होती माहेरीच." चारचौघांत! उकंडराव ओसरीवर न टेकताच परत फिरले आणि शपथ घेतली की आता माझ्या घरून मुराळी म्हणून पोरीला आणायला कुणी जाणार नाही, त्यांनीच मानाने पाठवावी. म्हणून दिवाळीला अर्जुन गेला नाही. अखाजीलाही, अक्षय तृतीयेला, झोके सुने गेले. तिकडून निरोप नाही, इकडून निरोप नाही. मनकर्णाबाई वेशीकडे डोळे लावून बसे आणि मनाला समजावी की रुसली असेल, पण बरी असेल. दोन्ही घरं आपापल्या मानाला कवटाळून बसली होती.

खामगावच्या बोर्डिंगात मात्र सगळं जुळून आलं. कापसाच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी करून बांधलेली दगडी चाळ, नवा चुना, एका खोलीत दोन पोरं, खिडकीखाली बसायला कट्टा. खाटा नव्हत्या, पण सतरंज्या झटकलेल्या होत्या. जेवणघरात पाट होते, पितळी ताटं होती, आणि भिंतीजवळ चपलांची रांग बाहेर! मनकर्णाबाईचा जीव भांड्यात पडला. बोर्डिंगचा सुपरिंटेंडेंट एक तरुण गोरा माणूस होता, पुण्याकडचा, बोलायला गोड.

"मुलाचे गुण उत्तम आहेत," तो म्हणाला. "प्राचार्यांनी एक जागा राखून ठेवायला सांगितलंय. फक्त आजच सांगा. बाहेर बरीच मंडळी थांबली आहेत. आधी जेवून पाहा, मग ठरवा. पंगत बसतेच आहे."

"तुमी बसा पंगतीले," मनकर्णाबाई म्हणाली, "मी मागून येतो." आणि ती निघाली.

मागचं दार उघडं होतं. मंजुळाबाई नावाची म्हातारी स्वयंपाकीण उंबऱ्याशी कांदे चिरत बसली होती. आपल्यातलीच, कुणब्याची. तिने पाट सरकवला, कुठल्या, कोण, सगळं विचारलं. मनकर्णाबाईने रीतीप्रमाणे एक तुकडा भाकर आणि चिमूटभर मीठ मागितलं. म्हातारी हसली. "अवं माय, तुकडा काऊन? अख्खी खा ना!" आणि तिने तव्यावरून नुकतीच उतरलेली भाकर पुढे ठेवली.

ज्वारीची, पातळ, पापुद्रा सुटलेली. मनकर्णाबाईने घास घेतला आणि सवयीने आत पाहिलं. चुलीपुढे एक बाई पाठमोरी बसून परातीत भाकरी थापत होती. थाप कशी, तर तालावर. टाचांना भेग नाही. दंडात चोळी रुतलेली. मानेवर चांगली वळी पडलेली. धुरातच काहीतरी गुणगुणत होती. मनकर्णाबाईने मनाशी म्हटलं, पास! ह्या घरात बाईमाणूस पोटभर जेवते. जिथे भाकरी थापणारीचं अंग असं भरलेलं आहे, तिथे माझ्या अर्जुन्याची आबाळ व्हायची नाही. आता ती उठून मान हलवायला जाणारच होती.

"शालू," मंजुळाबाईने हाक दिली, "पाव्हण्या बाईले पाणी दे वं."

ती बाई वळली.

मनकर्णाबाईच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. गिळता येईना, थुंकता येईना. डोळ्यांना दिसत होतं ते मनाला पटेना. जळगावच्या पुंजाजी पाटलांची सून, तिची स्वतःची शालू, पिठाने हात माखलेली, खामगावच्या बोर्डिंगात चुलीपुढे बसली होती. आणि माहेरी असतानासुद्धा कधी दिसली नव्हती इतकी चांगली दिसत होती. हे सगळ्यात भयंकर वाटलं मनकर्णाबाईला.

"माय," शालू म्हणाली. तीही पांढरीफटक पडली होती.

"तू... तू इथं कवा आली? जावई कुठं हायेत?"

"जिथं होते तिथंच असतीन. मी एकलीच हाये."

"कवापासून वं?"

"पोळ्याले बाबानं पोचवून देलं ना, त्याच्या पुढच्याच बाजाराले निंगाली. इथल्या जिनिंगवर कामाले येनाऱ्या बायाईसंगं. मंग ह्या मावशीनं इथं आणलं."

"पोळ्यापासून? साल होत आलं! अन् त्या लोकाईनं शोधलं नाई तुले?"

शालू हसली. ते हसू पाहवत नव्हतं. "काऊन शोधतीन? त्याईले वाटते मी माहेरी हाये. सून निंगून गेली म्हणून कोनी दवंडी पिटते काय? तुमचा मुराळी हात जोडत येईन म्हणून ते बसले तिकडं. अन् त्याईनं मानानं पाठवावं म्हणून तुमी बसले इकडं. मी विहिरीत उडी घेतली असती ना माय, तं दोन्ही घरी कोनाले सुतक पडलं नसतं."

मनकर्णाबाई मटकन खालीच बसली.  दिवाळीला तिने लेकीच्या नावाने चार लाडू डब्यात वेगळे काढून ठेवले होते आणि रुसून बसलीस तर बस म्हणून मनातल्या मनात रागावली होती. कुणावर रागावली होती ती? कुठे होती पोरगी तेव्हा? एवढं गणगोत, एवढे सोयरेधायरे, आणि एक अख्खी बाई दोन घरांच्या मधल्या वाटेवर हरवून गेली, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही!

"मी ते घर पाह्यलं होतं वं," ती कसंबसं म्हणाली. "तीन खेपा पाह्यलं. कणग्या भरेल होत्या. सुना कशा होत्या..."

"सारं खरं होतं. कणग्या भरेलच होत्या. किल्ली सासूच्या कमरेले. अन् ज्या सुनेच्या मांडीवर लेकरू, तिले भाकरीवर भाकर. मले अर्धी. खडकावर कोनी खत टाकते काय, असं म्हणे ती. मी तुले हेच सांगाले आली होती. तू म्हणाली हट्ट होये."

मनकर्णाबाईला हुंदका फुटला. तिने लेकीचे ते पिठाचे हात धरले, कपाळाला लावले. "चाल," ती म्हणाली. "घरी चाल माह्या वाघिणी."

"कोन्या घरी?" शालूने हात सोडवून घेतले. "जानेफळले आली तं बाबा चार रोज ठेवतीन अन् पुन्हा गाडी जुंपतीन. त्याईच्या इज्जतीचा सवाल हाये. मले मालूम हाये माह्या बापाचं. माय, मी तुह्या पाया पडतो. मले इथंच राहू दे. बाबाले सांगू नको."

"अवं पण ते बाहेर बसले हायेत! अर्जुन्याले इथं टाकाचं म्हणून त आलो आमी!"

शालूच्या हातातली परात खणकन खाली टेकली. "अर्जुन्याले? नाई, नाई. त्यानं मले पाह्यलं का गोष्ट घरी गेलीच. त्याले इथं नको धाडू. विहीर खराब हाये म्हण, भाकरी कच्च्या म्हण, काहीबी म्हण. तुह्या शब्दावर बाबा जातात. घे माह्या गळ्याची आण."

काय करावं त्या बाईने? इकडे लेक आणि तिकडे लेक. नाही म्हणावं तर पोरगा डवऱ्यामागे जातो, हो म्हणावं तर पोरगी त्या सासूच्या दारात परत जाते. एकदा आपण हिचं ऐकलं नाही, तर ही मरता मरता वाचली. आता पुन्हा कसं ऐकायचं नाही? मनकर्णाबाईने लेकीच्या गळ्याला हात लावून आण घेतली आणि भिंत धरत धरत बाहेर आली.

जेवणघरात पंगत बसली होती. बोर्डिंगची दहा-बारा पोरं, त्यांच्या टोकाला उकंडराव आणि अर्जुन. ताटं वाढून झाली होती. तुरीचं वरण, वांग्याची भाजी, ठेचा, आणि भाकरी. सुपरिंटेंडेंट स्वतः वाढायला उभा होता.

"काय मंग?" उकंडरावांनी विचारलं. आज ते खुशीत होते. "हे तं पसंत ना?"

मनकर्णाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. "नाई," ती म्हणाली. "विहीर... विहीर बरोबर नाई."

"काय म्हणते माय! मी आत्ताच पेलो," अर्जुन ओरडलाच. "साखरेवानी पाणी हाये!"

"मी म्हणतो ना नाई म्हणून!"

अर्जुनने मान खाली घातली.  एवढा मोठा पोरगा, पण परक्या पोरांच्या पंगतीत त्याच्या डोळ्यांतून पाणी ताटात पडलं. सुपरिंटेंडेंट बिचारा एकदा विहिरीकडे पाही, एकदा ह्या बाईकडे. उकंडरावांचा चेहरा लाल झाला.

"झालं तं मंग," ते म्हणाले. "आता बोलनं संपलं. जेव बे, अन् चाल घरी. उद्यापासून डवरा." आणि रागारागातच त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि तोंडाकडे नेला.

"अवो, नका!" मनकर्णाबाई किंचाळली. "नका खाऊ! लेकीच्या घरचं हाये ते!"

बोलून गेली आणि मग तिला कळलं आपण काय बोललो. पण तिचा तरी काय इलाज! लेक दिली की तिच्या घरचं अन्न आईबापाने खायचं नाही, तिला लेकरू होईपर्यंत घोटभर पाणीसुद्धा प्यायचं नाही. जळगावला एवढ्या खेपा झाल्या, पण उकंडरावांनी पुंजाजी पाटलांच्या घरी सुपारी कधी तोंडात टाकली नव्हती. आणि ती स्वतः आत्ता नकळत खाऊन बसली होती. तिचं झालं ते झालं, पण नवऱ्याच्या हातून डोळ्यांदेखत पाप घडतं आहे म्हटल्यावर तिचं तोंड तिच्या ताब्यात राहिलं नाही. गळ्यावर हात ठेवून घेतलेली आण पाच मिनिटंसुद्धा टिकली नाही.

उकंडरावांचा हात हवेतच थांबला. "कोन्या लेकीच्या?"

"आपल्याले किती हायेत?" मनकर्णाबाई रडत म्हणाली.

पंगतीतल्या पोरांनी जेवायचं थांबवलं. उकंडरावांनी घास ताटात ठेवला, उठले, आणि ती ज्या दारातून आली होती त्या दाराने चालू लागले. मनकर्णाबाई मागे धावली.

शालू चुलीपाशी उभी होती. पळून जायला जागा नव्हती, आणि ती पळणारही नव्हती. उकंडराव उंबऱ्यात थबकले. कितीतरी वेळ ते नुसते पाहत राहिले.   

"तुले म्या पोळ्याले पोचवलं होतं," शेवटी ते म्हणाले.

"हाव, बाबा."

"ओसरीपावतर पोचवलं होतं."

"हाव. ओसरीपावतर."

"अन् मंग साल झालं. अन् मले मालूमच नाई." ते स्वतःशीच बोलत होते. "मी गावात सांगत होतो का लेक सुखात हाये."

 चुलीवरची भाकर करपू लागली होती, ती शालूने हाताने उचलून बाजूला ठेवली.

"चाल म्हटलं तं येशीन?"

"जळगावले?" तिने विचारलं. "नाई. मेली तरी नाई. अन् जानेफळलेबी नाई, बाबा. इथं सांज-सकाळ माह्या ताटात कोनी पाह्यत नाई."

आता हा हिचा हात धरणार, असं मनकर्णाबाईला वाटलं. ती दोघांच्या मध्ये आडवी झाली. लग्न होऊन आल्यापासून तिने नवऱ्याची वाट अशी कधी अडवली नव्हती. "तिले न्याचं असन तं आधी मले तुडवा," ती म्हणाली. "एक खेप माह्या डोळ्यावर इस्वास ठेवला तुमी. आता तिच्या डोळ्यावर ठेवा."

उकंडरावांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. ते वळले आणि आल्या पावली परत गेले. संपलं, तिला वाटलं. गाडी ठरवायला गेले. ती पदराने तोंड झाकून मागे मागे गेली.

जेवणघरात सगळी ताटं तशीच होती. अर्जुनला आता सगळं कळलं होतं. तो पाटावर अर्धवट उठून, पांढऱ्या चेहऱ्याने बापाकडे पाहत होता. सुपरिंटेंडेंट पुढे आला. "पाटील, आमचं काही चुकलं का?"

उकंडराव आपल्या पाटापाशी उभे राहिले. बसले नाहीत. वाकून त्यांनी आपलं वाढलेलं ताट दोन्ही हातांनी हळूच पुढे सरकवलं. शेजारचा पाण्याचा तांब्या उचलून तोही ताटाजवळ ठेवला. मग ताटाला हात जोडले.

"चुकलं तुमचं नाई, साहेब," ते म्हणाले.  "पण लेकीच्या घरी बाप जेवत नसते."

सुपरिंटेंडेंटला काहीच समजलं नाही. मनकर्णाबाईला समजलं. ती दारातच खाली बसली आणि मोठ्याने रडू लागली.

अर्जुन उठू लागला. उकंडरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला पाटावर परत दाबून बसवलं.

"तू बस बे," ते म्हणाले. "भावाले चालते. जेव."